छायाचित्रात दडवलेला मजकूर आकडेमोडीने कसा ओळखतात? (सोबत चार चित्रांचे कोडे)

पडवी:

‘चित्रात मजकूर लपवला की तो कोणालाच सापडत नाही, कारण डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही’ असे ठाम विधान नुकतेच एका ठिकाणी वाचनात आले. डोळ्यांना फरक दिसत नाही हे खरे आहे. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष निदान १९९९ सालापासून चुकीचा ठरलेला आहे, आणि तो कसा ठरला हे जमेल तितके सविस्तर लिहावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी प्रश्न नेमका काय आहे ते पाहू. गुस्तावस सिमन्स यांनी १९८३ साली तो दोन कैद्यांच्या रूपात मांडला होता. दोघे वेगवेगळ्या कोठड्यांत आहेत, त्यांना पळून जाण्याचा बेत ठरवायचा आहे आणि त्यांची प्रत्येक चिठ्ठी तुरुंगाधिकारी वाचतो. चिठ्ठी सांकेतिक लिपीत असेल तर ती त्याला वाचता येणार नाही, पण संशय येऊन तो पत्रव्यवहारच बंद करील. म्हणून चिठ्ठी साधी दिसली पाहिजे. यातली गोम अशी की तुरुंगाधिकाऱ्याला बेत वाचण्याची गरजच नाही. या चिठ्ठीत काहीतरी दडलेले आहे एवढे कळले तरी त्याचे काम झाले. स्टेगॅनॅलिसिस म्हणजे या तुरुंगाधिकाऱ्याचे शास्त्र.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेतो. गावच्या घरी पडवीत काढलेला तांब्याच्या घंगाळाचा एक फोटो माझ्याकडे आहे. मागे चुन्याने रंगवलेली भिंत आहे आणि डावीकडून कडक ऊन येते आहे. फोटो कृष्णधवल करून ५१२ × ५१२ आकारात घेतला, म्हणजे एकूण २,६२,१४४ पिक्सेल झाले. प्रत्येक पिक्सेल म्हणजे ० (काळा) ते २५५ (पांढरा) यांमधला एक आकडा, आणि तो आकडा आठ बिटांनी लिहिलेला असतो. त्यातला शेवटचा बिट बदलला तर ८४ चे ८५ होतात किंवा ८५ चे ८४ होतात. घंगाळाच्या काठावरची चमक एका अंशाने वाढली की घटली हे कोणाच्याही नजरेला कळणार नाही, आणि लपवण्याची सर्वांत सोपी पद्धत हीच आहे: मजकुराचे बिट घ्यायचे आणि पिक्सेलांच्या शेवटच्या बिटांच्या जागी ओळीने ठेवत जायचे.

मात्र तेवढे शेवटचे बिटच वेगळे काढून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत मांडले तर काय दिसते? मूळ फोटोत उन्हाने भाजलेली भिंत सर्वत्र २५५ आहे, त्यामुळे या मांडणीत तिथे सलग पांढरा पट्टा येतो. मजकूर भरलेल्या फोटोत त्याच भिंतीवर वाळू फेकल्यासारखे ठिपके उमटतात. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातील आंद्रेयास वेस्टफेल्ड आणि आंद्रेयास फिट्झमान यांनी १९९९ साली जो निबंध मांडला त्यात ही दृश्य तपासणी होती, आणि तिच्या जोडीला खरी मोलाची गोष्ट, म्हणजे काय-स्क्वेअर (अपेक्षित आणि प्रत्यक्ष संख्यांमधली तफावत मोजणारी) चाचणीही होती.

ती चाचणी समजायला एकच निरीक्षण पुरते. शेवटचा बिट बदलल्याने ८४ चे ८५ होतात आणि ८५ चे ८४ होतात, पण ८५ चे ८६ कधीही होत नाहीत. म्हणजे सगळे आकडे दोन-दोनच्या जोड्यांत कोंडले जातात: (८४, ८५), (८६, ८७), अशा एकूण १२८ जोड्या. समजा, मूळ चित्रात ८४ हा आकडा ६२० पिक्सेलांत आणि ८५ हा ४८० पिक्सेलांत आहे. कूटबद्ध केलेल्या मजकुरात ० आणि १ साधारण सारख्याच संख्येने येतात, त्यामुळे तो पूर्ण भरल्यावर या ११०० पिक्सेलांची वाटणी जवळजवळ निम्मी-निम्मी होते, उदाहरणार्थ ५५६ आणि ५४४. जोडीची बेरीज तीच राहते, पण दोघांमधला उंचसखलपणा नाहीसा होतो. आता ५५० या सरासरीपासून ८४ ची संख्या किती दूर आहे, त्या अंतराचा वर्ग करून त्याला ५५० ने भागायचे. मूळ चित्रासाठी उत्तर ८.९ येते आणि भरलेल्या चित्रासाठी ०.०७ च्या आत. सगळ्या जोड्यांची अशी उत्तरे मिळवली की हा सपाटपणा स्वाभाविक आहे की कोणी रोलर फिरवला आहे, याची शक्यता आकड्यात सांगता येते.

मजकूर वरून खाली ओळीने भरलेला असेल तर याहून गंमत होते. चाचणी पहिल्या काही ओळींवर, मग त्याहून थोड्या अधिक ओळींवर अशी वाढवत नेली, तर मजकूर असण्याची शक्यता बराच वेळ १ च्या आसपास राहते आणि मजकूर जिथे संपतो तिथून झपकन ० वर येते. एकही अक्षर न वाचता मजकुराची लांबी हाती लागते.

चार चित्रे खाली जोडली आहेत. काहींत मजकूर आहे, निदान एकात काहीही नाही. कोणी काय शोधले ते अवश्य लिहावे.

गणिताचा तास:

उत्तम धागा. काय-स्क्वेअरबद्दल एक सावधगिरीची सूचना करतो. मी १२० × १२० आकाराच्या एका निखळ, काहीही न भरलेल्या चित्रावर हीच चाचणी चालवली, तेव्हा मजकूर असण्याची शक्यता तिने ०.९ च्या पुढे दाखवली होती. कारण साधे आहे. १४,४०० पिक्सेल २५६ आकड्यांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ५६ येतात, आणि एवढ्या लहान संख्यांत शेजारच्या दोन आकड्यांमधला खरा फरक योगायोगाच्या चढउतारात बुडून जातो. लहान चित्रांवर या चाचणीचा निकाल मानू नये.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. मजकूर थोडा असेल आणि तो किल्लीच्या (गुप्त संकेताच्या) आधारे चित्रभर विखुरलेला असेल, तर जोड्या पुरत्या सपाट होत नाहीत आणि चाचणी निवांत झोपी जाते. त्यावर न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन विद्यापीठातील जेसिका फ्रिड्रिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली आरएस (रेग्युलर-सिंग्युलर) विश्लेषण ही पद्धत दिली. (अवांतर: रुबिक क्यूब झटपट सोडवणाऱ्यांना फ्रिड्रिच पद्धत ठाऊक असेल, त्या याच.)

काय-स्क्वेअर चाचणी कोणता आकडा किती वेळा आला एवढेच मोजते, तो चित्रात कुठे आहे हे पाहत नाही. आरएस शेजाऱ्यांकडे पाहते. शेजारी-शेजारी असलेले चार पिक्सेल घ्या: ७०, ७०, ७१, ७१. लगतच्या फरकांची बेरीज १, म्हणजे गट गुळगुळीत आहे. मधल्या दोघांचे शेवटचे बिट उलटवले तर ७०, ७१, ७०, ७१ असा गट होतो आणि बेरीज ३ वर जाते. आता मुद्दाम आडवळणाची अदलाबदल करू, म्हणजे ७० चे ६९ आणि ७१ चे ७२: गट ७०, ६९, ७२, ७१ असा होतो आणि बेरीज ५ येते. दोन्ही प्रकारांत खडबडीतपणा वाढला. निसर्गाने घडवलेल्या चित्रात या दोन्ही अदलाबदली जवळपास सारख्याच प्रमाणात खडबडीतपणा वाढवतात. परंतु ज्या चित्रात कोणी शेवटचे बिट आधीच उलटवून ठेवले आहेत, तिथे पहिल्या प्रकाराच्या अदलाबदलीचा परिणाम ओसरत जातो, आणि दुसऱ्या प्रकाराचा ओसरत नाही, उलट ठळक होतो. या दोहोंमधली फट मोजून मजकुराने किती टक्के पिक्सेल व्यापले आहेत याचा अंदाज बांधता येतो.

तात्पर्य असे की पकडला जातो तो मजकूर नव्हे, तर लपवणाऱ्याची सवय. सम आकडा फक्त वर जातो आणि विषम फक्त खाली येतो, ही एकतर्फी चाल कॅमेऱ्याच्या अंगात नसते.

सह्यवारा:

चारही चित्रे उतरवून घेतली आणि तपासली. चारही निखळ आहेत असे माझा प्रोग्रॅम सांगतो. मग लक्षात आले की चारही फाइली जेपेग (आकार कमी करण्यासाठी बारीक तपशील गाळणारा प्रकार) आहेत. पडवी, आपण मूळ पीएनजी (काहीही न गाळणाऱ्या) फाइली चढवल्या होत्या ना?

पडवी:

आपले निरीक्षण अचूक आहे आणि चूक माझी आहे. मी पीएनजीच चढवल्या होत्या, पण या संस्थळाने जागा वाचवण्यासाठी त्या परस्पर जेपेग केल्या. जेपेगच्या कॉम्प्रेशनमध्ये शेवटचे बिट प्रथम बळी जातात, त्यामुळे माझे सगळे मजकूर तिथेच पुसले गेले. आता त्याच फाइली झिप करून जोडल्या आहेत.

निवडुंग:

माहिती रंजक आहे, पण एक शंका आहे. हे सगळे प्रयोगशाळेत ठीक. खऱ्या जगात असे मजकूर कोणी लपवते का, आणि लपवले तर या आकडेमोडीने कोणी सापडले आहे का? शिवाय व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणाऱ्या शुभ प्रभातच्या फुलांत काही दडलेले असू शकते का?

पडवी:

शेवटापासून सुरुवात करतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र वाटेत पुन्हा कॉम्प्रेस होते, त्यामुळे शेवटच्या बिटांतला मजकूर टिकत नाही. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोहोचते. तेव्हा फुलांची काळजी नसावी.

खऱ्या जगातले बहुचर्चित उदाहरण जून २०१० मधले आहे. अमेरिकेत रशियासाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून दहा जणांना अटक झाली आणि त्यांच्यापैकी काहींकडे चित्रांत मजकूर लपवण्याचा प्रोग्रॅम असल्याचे आरोपपत्रात नमूद होते. मात्र तो हाती कसा लागला हे पाहण्यासारखे आहे. २००५ साली न्यू जर्सीतील एका घराच्या झडतीत एक कागद दिसला होता. त्यावर कीबोर्डची तीन बटणे आणि २७ चिन्हांची एक ओळ लिहिलेली होती. ती ओळ म्हणजे पासवर्ड निघाली. तिथे काय-स्क्वेअरने नव्हे, कागदाच्या कपट्याने काम केले.

उलट दिशेचा प्रयत्नही झाला आहे. दहशतवादी लिलावाच्या संकेतस्थळांवरील चित्रांतून निरोप पाठवतात अशा बातम्या २००१ साली पसरल्या होत्या. मिशिगन विद्यापीठातील नील्स प्रोव्होस आणि पीटर हनीमन यांनी ईबेवरची वीस लाख चित्रे उतरवून घेतली आणि तपासली. त्यांच्या प्रोग्रॅमने सुमारे १ टक्का चित्रे संशयित ठरवली. मग त्या चित्रांवर शब्दकोशातले शब्द पासवर्ड म्हणून चालवून पाहिले. एकही मजकूर सापडला नाही.

गणिताचा तास:

निवडुंग यांच्या शंकेत एक महत्त्वाचे गणित दडलेले आहे. दहा लाख चित्रांत दहाच चित्रे खरोखर भरलेली आहेत असे धरू. चाचणी इतकी चांगली आहे की ती दहाही पकडते आणि निखळ चित्रांपैकी फक्त १ टक्क्यावर चुकीचा संशय घेते. तरीही तपासनिसाच्या टेबलावर सुमारे १०,०१० चित्रे येऊन पडतात आणि त्यांतली १०,००० निर्दोष असतात. म्हणून या क्षेत्रात ‘९९ टक्के अचूक’ असे कोणी म्हणाले की आधी विचारावे, कोणत्या ढिगावर?

मी ज्या ठिकाणी काही काळ काम केले तिथे बाहेर जाणाऱ्या ईमेलमधील चित्रे तपासणारी एक प्रणाली बसवली होती. ती दररोज हिशेब विभागाची स्कॅन केलेली बिले अडवत असे, कारण स्कॅनरचा खरखरीतपणा तिला गुप्त मजकुरासारखा वाटे. तीन आठवड्यांत तिच्या सूचना वाचणे सगळ्यांनी सोडून दिले होते.

आजीचा बटवा:

मी या विषयात नवीन आहे, चूक असल्यास दुरुस्त करावी. पडवी यांनी जेपेगमध्ये शेवटचे बिट टिकत नाहीत असे लिहिले आहे, पण ईबेवरची चित्रे तर जेपेगच असणार. मग त्यांत मजकूर लपवतात तरी कसा?

पडवी:

प्रश्न अगदी योग्य आहे. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन करते, प्रत्येक चौकोनाचे रूपांतर ६४ गुणकांत (उजेड किती झपाट्याने बदलतो ते सांगणाऱ्या आकड्यांत) करते आणि ते गुणक पूर्णांकांत बसवते. मजकूर पिक्सेलांत न भरता या पूर्णांकांत भरला की तो फाइलमध्ये सुरक्षित राहतो, अर्थात ती फाइल पुन्हा कॉम्प्रेस झाली नाही तर. जे-स्टेग हा जुना प्रोग्रॅम हेच करत असे आणि फक्त ० व १ हे गुणक सोडून देत असे. त्यात पुन्हा त्याच जोड्या तयार झाल्या आणि तो त्याच काय-स्क्वेअरने पकडला गेला.

हे पाहून वेस्टफेल्ड यांनीच २००१ साली एफ-५ ही पद्धत काढली. चोर पकडणाऱ्यानेच पुढचे कुलूप घडवले. एफ-५ बिट उलटवत नाही, तर गुणकाला शून्याकडे एक पाऊल ढकलते, त्यामुळे जोड्या तयारच होत नाहीत. मात्र अशा ढकलण्याने चित्रातल्या शून्यांची संख्या वाढते. आता वाढ झाली हे ओळखायचे तर आधी शून्ये किती होती ते कळायला हवे, आणि मूळ चित्र तर तपासनिसाकडे नसते. फ्रिड्रिच यांच्या गटाने २००२ साली यावर जी तोड काढली ती मला या संपूर्ण विषयातली सर्वांत देखणी युक्ती वाटते. चित्र उलगडून पिक्सेलांत आणायचे, त्याच्या कडेच्या चार पिक्सेलांच्या पट्ट्या कापायच्या आणि पुन्हा तितक्याच दर्जाचे जेपेग करायचे. चौकोनांची जाळी चार घरे सरकल्यामुळे मजकुराच्या खुणा विस्कटतात, चित्र मात्र जवळजवळ तेच राहते. म्हणजे संशयित चित्रातूनच त्याच्या मूळ रूपाचा अंदाज मिळतो आणि दोन्हींतली शून्ये ताडून पाहता येतात.

सह्यवारा:

झिपमधल्या फाइली तपासल्या. निकाल असे.

पहिल्या चित्राने मला चांगलेच फसवले होते. काय-स्क्वेअरने ते निखळ ठरवले. शेवटचे बिट वेगळे काढून पाहिले तेव्हा मात्र वरच्या भागात दर आठव्या स्तंभात एक उभी पांढरी रेघ दिसली, मधूनमधून एखादा ठिपका गळालेली. थोडा विचार केल्यावर उलगडा झाला: आपण मजकूर कूटबद्ध न करता सरळ देवनागरीत भरला आहे. यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, म्हणजे आठ-आठ बिटांच्या तीन गटांचे, असते. ‘क’ म्हणजे १११००००० १०१००१०० १००१०१०१. तिन्ही बाइटांचा पहिला बिट १ आहे आणि ५१२ ला आठने निःशेष भाग जातो, म्हणून रेघ उभीच्या उभी राहते. गळालेले ठिपके म्हणजे शब्दांमधल्या मोकळ्या जागा, कारण त्यांचा बाइट शून्याने सुरू होतो. शिवाय ‘क’ च्या २४ बिटांत १ फक्त दहा वेळा येतो, त्यामुळे जोड्यांची वाटणी निम्मी-निम्मी न होता सम आकड्यांकडे झुकते आणि काय-स्क्वेअर चकते. बिट पुन्हा जोडून मजकूर वाचला. उकडीच्या मोदकांची कृती आहे. गूळ किती घ्यायचा ते लिहायचे राहिले आहे.

दुसऱ्या चित्रात काय-स्क्वेअरला काही दिसले नाही, पण आरएसने १८ टक्के दाखवले. तिसऱ्यात आरएसचा अंदाज २ टक्के आणि चौथ्यात ३ टक्के आला. त्यावरून चौथ्यात थोडा मजकूर असावा आणि तिसरे निखळ असावे, असे माझे मत आहे.

पडवी:

पहिल्यासाठी मनःपूर्वक अभिनंदन. गुळाचे प्रमाण आईला विचारून कळवतो. दुसऱ्यात प्रत्यक्षात २० टक्के पिक्सेल वापरले होते, म्हणजे ५२,४२८ बिट, आणि ते कूटबद्ध करून विखुरलेले होते. १८ हा अंदाज फारच चांगला आहे.

तिसऱ्या आणि चौथ्याबद्दलचे आपले मत मात्र नेमके उलटे झाले आहे. चौथ्या चित्रात काहीही नाही. ते जुन्या रोलवरच्या फोटोचे स्कॅन आहे आणि त्याच्या रवाळपणामुळे आरएस निखळ चित्रातही काही टक्के दाखवू शकते. मजकूर तिसऱ्यात आहे. पाच टक्के पिक्सेल, १३,१०७ बिट. तिथे मी बिट बदलले नाहीत, तर जिथे बदल हवा तिथे नाणे उडवल्याप्रमाणे एक मिळवला किंवा एक वजा केला. ८५ चे ८४ झाले तसे ८६ ही झाले. गणिताचा तास यांनी म्हटलेली एकतर्फी चालच उरली नाही, त्यामुळे जोड्या आणि आरएस दोन्ही निरुपयोगी ठरले.

गणिताचा तास:

अशा ±१ पद्धतीसाठी एकच सूत्र पुरत नाही, यंत्राला शिकवावे लागते. शेजारच्या पिक्सेलांमधले फरक एकामागून एक कसे येतात याचे तपशील मोजून तयार केलेला स्पॅम नावाचा संच ६८६ आकड्यांचा होता. २०१२ मधील फ्रिड्रिच आणि कोडोव्स्की यांचे समृद्ध प्रारूप (रिच मॉडेल) ३४,६७१ आकड्यांपर्यंत गेले. पुढे खोल शिक्षणाची (डीप लर्निंगची) जाळी आली आणि २०२० मध्ये कॅगल या स्पर्धांच्या संकेतस्थळावर दडवलेला मजकूर ओळखण्याची अलास्का-२ ही स्पर्धाही झाली. या सगळ्यांची अट एकच: निखळ आणि भरलेली अशी दोन्ही प्रकारची भरपूर चित्रे शिकवणीसाठी हवीत, आणि ती शक्यतो त्याच कॅमेऱ्याची हवीत. एका कॅमेऱ्यावर शिकलेले यंत्र दुसऱ्या कॅमेऱ्याच्या खरखरीला मजकूर समजते.

पडवी, तिसऱ्या चित्राचा छडा लावायचा तर ते ज्या फोनने काढले त्याच फोनने काढलेले आणखी दोनशे-तीनशे मूळ फोटो लागतील. ते पाठवता येतील का?

पडवी:

तिसरे चित्र म्हणजे तो घंगाळाचाच फोटो, आणि तो ज्या फोनने काढला तो फोन गेल्या जूनमध्ये पावसात भिजून कायमचा बंद पडला. त्यावरचे बाकीचे सगळे फोटो घरच्या व्हॉट्सॲप गटावर आहेत, पण ते फोटो म्हणूनच पाठवलेले आहेत.